खिळ्यावरची किल्ली

काटेमामा मालाकडे कधीच बघायचे नाहीत. गाडी काट्यावर चढू लागली की केबिनच्या खिडकीतून मान जराशी वाकडी करून ते आधी टायर बघायचे, मग चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे किती दबलेत ते बघायचे, आणि मशीनवर आकडा उमटायच्या आत वजन सांगून मोकळे व्हायचे. ऊस असो, कांदा असो की माझं भंगार असो, वर काय रचलंय याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. "वर मानूस काय बी रचतो," ते म्हणायचे, "खालचा पाटा खोटं बोलत न्हाई." आकडा आला की दहा-वीस किलोचा फरक निघायचा. तो ते डिझेलवर ढकलायचे. "टाकी फुल्ल केलीया लेकानं, येताना."

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याकडे येणाऱ्या रस्त्यावर, भीमेच्या पुलाच्या अलीकडे त्यांचा वजनकाटा होता. त्यांचा म्हणजे, मालक पुण्यातला कुणीतरी होता, मामा पगारावर होते. पण त्या मालकाचं नाव मला आजही माहीत नाही. पत्र्याची केबिन, समोर जमिनीत बसवलेला लोखंडी प्लॅटफॉर्म, बाजूला एक कडुनिंब आणि निंबाखाली पोती वजन करायचा छोटा काटा, एवढाच संसार. मामांच्या घरी पूर्वी मेंढरं होती. वडील मेंढरू दोन्ही हातांनी छातीपर्यंत उचलायचे आणि खाटकाला वजन सांगायचे, तोच वारसा. "आमच्या बापाला काटा लागत नव्हता," मामा सांगायचे, "मला लागतो. पिढी खाली आली."

काट्याचा कायदा एकच. केबिनच्या खिडकीखाली चौकटीत एक जाड खिळा ठोकलेला होता. गाडी काट्यावर उभी राहिली की ड्रायव्हरने इंजिन बंद करायचं, किल्ली त्या खिळ्याला अडकवायची आणि प्लॅटफॉर्मवरून खाली उतरायचं. गाडीत कुणी बसून राहायचं नाही, वजन वाढवायचं नाही, मधेच गाडी पुढेमागे करायची नाही. "किल्ली खिळ्याला, मानूस खाली." एकदा एका गावपुढाऱ्याची उसाची ट्रॉली आली. पुढाऱ्याचा पुतण्या ट्रॅक्टरवरून उतरेना. मोबाइल बघत बसला. मामांनी पेपर उघडला आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले. मागे सहा ट्रॉल्या लागल्या, भोंगे वाजू लागले. पुतण्या ओरडला, "ओ मामा, मी कोण हाय माहितीय का?" मामा पेपरातून वर न बघता म्हणाले, "पंच्याहत्तर किलो हायस. खाली उतर."

मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तो सायकलवर. ऐन विशीत होतो. खुटबावातून निघायचं, वाड्यावस्त्यांवरून मोडके पंप, फुटकी घमेली, तारा गोळा करायच्या आणि कॅरियरला दोन पोती बांधून काट्यावर यायचं. त्यांनी माझं नाव विचारलं नाही. "ए सायकल, पोती हिकडं घे," म्हणाले, आणि पुढची पंचवीस वर्षं मी सायकलच राहिलो. मी टेम्पो घेतला, यवतला हायवेच्या कडेला यार्ड टाकलं, कुरकुंभच्या कारखान्यांतून टाक्यांच्या टाक्या उचलायला लागलो, तरी व्यापाऱ्यांच्या घोळक्यात मामांची हाक यायची, "आली का सायकल?" माझं डोकं फिरायचं. एकदा म्हणालोही, "मामा, आता दोन टेम्पो हायत माझ्याकडं." ते म्हणाले, "टेम्पो तुझं हायत. हाक माझी हाय."

पण धंदा मला त्यांनीच शिकवला, हे कबूल केलं पाहिजे. त्या पहिल्याच वर्षी निंबाखाली एक शेतकरी जळकी मोटर विकायला आला होता. आत तांब्याची तार शाबूत दिसत होती. मी तिच्यावर नजर लावून भाव करत होतो, आणि तो शेतकरी एका पैशानेही खाली येत नव्हता. तो गेल्यावर मामांनी मला बोलावलं. "मालाकडं बघत भाव करतोस व्हय रं? डोळं बोलत्यात तुझं. पाठ कर मालाकडं, रस्त्याकडं बघ आन् मग भाव कर." मी ते असं उचललं की ती माझी ओळखच झाली. कुरकुंभला गेटच्या आत ढिगाकडे पाठ करून उभा राहायचो, अंगठ्याने दात कोरायचो, आणि समोरचा स्वतःहून उतरायचा. पोतं उघडून बघायचं नाही, मालाभोवती फिरायचं नाही, फार तर जाता जाता एकदा हात लावायचा. मालात आपल्याला रस आहे असं दिसलं की भाव गेला. त्या पाठीवर मी यार्ड उभं केलं.

आता मुख्य गोष्टीवर येतो, कारण मामांवरच्या माझ्या रागाचं मूळ तिथे आहे.

तीन वर्षांपूर्वी, उन्हाळ्यात, शिरूरच्या बाजूला एका ढाब्यावरून ट्रक पळवला गेला. ट्रकमध्ये एक रुपयाची नाणी होती, बँकांना वाटायला निघालेली, पोतीच्या पोती. ड्रायव्हर आणि बरोबरचा माणूस जेवायला बसले आणि ट्रक गेला. दुसऱ्या दिवशी एका शेतरस्त्याला रिकामा सापडला. आमच्याकडे सगळ्यांना या चोरीचं हसूच आलं. एक रुपयाचं बारकं नाणं आमच्या भागात कुणी हातात घेत नाही. दुकानदार गोळी देतो, कंडक्टर "राहू द्या" म्हणतो. पोतं भरून रुपये घेऊन चोर जाणार कुठे? मी काट्यावर हाच विनोद केला. "मामा, त्या चोरांला आता गोळ्या-बिस्किटाचं दुकान काढावं लागतंय."

कांद्याचे ड्रायव्हर हसले. मामा हसले नाहीत. "वजन किती असंल रं त्याचं?" त्यांनी विचारलं.

"पेपरात रक्कम दिलीया."

"रक्कम न्हाई इचारली. वजन इचारलं. रुपाया खिशात लपतो, ट्रकभर रुपायं न्हाई लपत. त्याला गाडी लागती, हमाल लागतो. कुठंतरी ते काट्यावर येतंय बघ."

मी ते एका कानाने ऐकलं.

चार दिवसांनी दिलीपचा फोन आला. हा रांजणगावकडचा एक पिकअपवाला. याआधी दोनदा त्याने मला स्टेनलेसच्या चकत्या आणून दिल्या होत्या. प्रेसमध्ये पत्र्याला भोक पाडलं की आतला गोल तुकडा खाली पडतो, त्याला आम्ही चकती म्हणतो. चांगला माल, लगेच उठतो. दिलीप म्हणाला, "शेठ, चकत्या हायत, दीड टन. आजच्या आज उचलायच्या. कंपनीत जागा न्हाई." मी त्याला मामांच्या काट्यावर यायला सांगितलं. दुसऱ्या काट्यावर मी कधी वजन केलंच नव्हतं.

भर दुपारी पिकअप आली. मी मोटारसायकलवर आधीच पोहोचलो होतो. दिलीपने गाडी चढवली, इंजिन बंद केलं, किल्ली खिळ्याला अडकवली आणि खाली उतरला. मी गाडीजवळून जाता जाता एका पोत्यावर हात दाबला. आत गोल, पातळ, गुळगुळीत. चकत्याच. झालं. मी गाडीकडे पाठ केली, रस्त्याकडे तोंड केलं आणि भाव विचारला. त्याने सांगितला. मी निम्मा सांगितला.

असा निम्मा सांगायचा तो पुढच्या अर्ध्या तासाच्या झुंजीची सुरुवात म्हणून. समोरच्याने छाती बडवायची, मी मोटारसायकलला किक मारायची, त्याने हाका मारायच्या. दिलीप म्हणाला, "बरं."

मला इतका आनंद झाला की तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी पुलाकडे बघत राहिलो.

"लवकर उतरला," खिडकीतून मामा म्हणाले.

"काय मामा?"

"भाव. लवकर उतरला म्हन्लं."

"तुम्ही वजन बघा की. भाव माझा मी बघतो."

मामांनी वजन सांगितलं, मग मशीनने सांगितलं, नेहमीप्रमाणे थोडा फरक. इथवर सगळं रोजचं होतं. त्यानंतर मामांनी एक गोष्ट केली जी मी पंचवीस वर्षांत पाहिली नव्हती. ते केबिनमधून बाहेर आले, पिकअपजवळ गेले आणि मालाकडे बघत उभे राहिले.

"तीन पोती छोट्या काट्यावर घे," ते मला म्हणाले.

दिलीप पुढे झाला. "कशाला मामा? गाडीचं झालं की वजन."

"बारदानाचं वजन बाद करायचं हाय."

मीच पोती उचलली. एक कडेचं, एक मधलं, एक पार तळातलं, मामा बोटाने दाखवत होते. पहिलं एकोणीस किलो. दुसरं एकोणीस किलो. तिसरं काट्यावर ठेवलं, काटा थरथरला आणि एकोणिसावर येऊन उभा राहिला. मामा माझ्याकडे वळले आणि अगदी हळू म्हणाले, "सायकल, भंगार कवा सारखं भरतं का रं?"

आज मला वाटतं, तेवढ्या एका वाक्यावर मी थांबायला हवं होतं. पण त्या क्षणी मला एवढंच दिसत होतं की म्हातारा माझा जमलेला सौदा मोडतोय आणि गिऱ्हाइकासमोर मला 'सायकल' म्हणतोय. दिलीप म्हणाला, "मापात भरल्यात मामा, सोपं पडतं." त्याच्या कपाळावर घाम होता. ऊन होतं, सगळ्यांच्याच कपाळावर होता.

मामा आत गेले, खुर्चीत बसले आणि वजनाची चिठ्ठी काढेनात.

"काय झालं?"

"कागद संपला."

कागदाचा अख्खा रोल त्यांच्या समोर, माझ्या डोळ्यांसमोर होता. माझा तोल गेला. मागे कांद्याच्या दोन गाड्या येऊन थांबल्या होत्या, त्यांचे ड्रायव्हर बघत होते, आणि मी तोंडाला येईल ते बोललो. म्हणालो, खिडकीत बसून पगार खाणाऱ्याला धंदा काय कळणार. म्हणालो, मी नसतो तर या काट्याला केव्हाच गंज चढला असता. म्हणालो, तुमचं वय झालंय, घरी बसा, मेंढरं उचला. हे शेवटचं बोलायला नको होतं. मामांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या हातात मोबाइल होता आणि त्यांचा अंगठा त्यावर काहीतरी दाबत होता, एवढं माझ्या लक्षात आलं. मग त्यांनी तो कानाला लावला, तोंड भिंतीकडे केलं आणि दोन-चार शब्द बोलून ठेवून दिला.

"किल्ली द्या," मी म्हणालो. "दुसरा काटा हाय."

"खिळ्यावर न्हाई," मामा म्हणाले.

मी खिळ्याकडे बघितलं. रिकामा होता. दिलीपनेही बघितलं. मग त्याने मामांच्या सदऱ्याच्या खिशाकडे बघितलं, तिथे किल्लीचा उंचवटा दिसत होता. "शेठ, पाण्याची बाटली घिऊन आलो," तो म्हणाला आणि रस्ता ओलांडला. चहाची टपरी आली तरी थांबला नाही. टपरीमागून उसाच्या बांधावर गेला. बांधावर पन्नास पावलं चालला, आणि मग पळत सुटला.

मी पिकअपवर चढलो, एका पोत्याची शिवण दाताने तोडली. आत पांढऱ्या कापडाची पिशवी होती, तोंड बांधून वर मोहोर केलेली. ती ओढली, फाडली. रुपये. नवे, चकचकीत, हात न लागलेले. माझ्या बोटांतून, फळीवरून, प्लॅटफॉर्मवर सांडत गेले. त्या लोखंडावर त्यांचा आवाज किती वेळ येत राहिला, देव जाणे.

"सायकल," मामा खिडकीतून म्हणाले, "खाली उतर. तुझं वजन धरतंय त्यात."

मी उतरलो. खिडकीशी गेलो. आवाज खाली आणला, कारण ड्रायव्हर ऐकत होते. "मामा, पोलिसांला बोलवा, खुशाल बोलवा. पण मी हितं नव्हतो. मी आलोच न्हाई. मी निघतो."

"बोलावलंय."

"मग मी जातो."

"तू व्हतास," मामा म्हणाले. राग नाही, दया नाही. एखाद्या गाडीचं वजन सांगावं तसं सांगितलं.

माझ्या मोटारसायकलची किल्ली माझ्या खिशात होती. ती त्यांनी मागितली नाही. त्यांनी मशीनमधून चिठ्ठी काढली, पेन घेतलं आणि खालच्या कोऱ्या जागेत लिहायला लागले. 'घेणार' या शब्दापुढे त्यांचा हात गेला तेव्हा मी गजांतून हात घालून त्यांचं मनगट धरलं. "मामा, नाव नका लिहू. यार्ड जाईल. कुरकुंभचं गेट बंद होईल मला. पंचवीस वर्षं मामा, सायकलवरनं..." त्यांनी दुसऱ्या हाताने माझी बोटं सोडवली, एकेक, आणि लिहिलं.

मी थांबलो. त्यात माझा काही चांगुलपणा नव्हता. नाव कागदावर चढल्यावर पळण्यात फायदा नाही, एवढा हिशोब मला तेव्हाही येत होता.

पोलीस आले. त्यांनी पंचनामा केला, पिकअप नेली, मला नेलं. त्याच दिवशी यार्डला सील लागलं. संध्याकाळपर्यंत पोत्यांचा आणि माझा फोटो यवतपासून दौंडपर्यंत प्रत्येकाच्या मोबाइलवर होता. कुणीतरी मला 'चिल्लरशेठ' नाव ठेवलं आणि ते 'सायकल'पेक्षा वेगाने पसरलं. रोज सकाळी ठाण्यात जाऊन बाकावर बसायचं, बोलावलं की आत जायचं, तेच प्रश्न, तीच उत्तरं. चोरीचा माल आहे हे माहीत असून घेतला, असा माझ्यावर संशय होता. तो सिद्ध झाला असता तर यार्ड गेलं असतंच, मीही आत गेलो असतो.

तिसऱ्या दिवशी तपास करणाऱ्या साहेबांनी मला मामांचा जबाब वाचून दाखवला. त्यात एक वाक्य होतं. भाव निम्म्यावर आला तेव्हा घेणाऱ्याला संशय आला होता का, असं मामांना विचारलं होतं. मामांनी सांगितलं होतं, "मला आला. त्याला कसा नाही आला, हे मला कळलेलं नाही."

साहेबांनी कागद खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "हे मलाही कळलेलं नाही," ते म्हणाले.

त्या एका वाक्यापायी मी आणखी पाच दिवस त्या बाकावर काढले. 'माहीत नाही' म्हणता आलं असतं मामांना. 'मी लक्ष दिलं नाही' म्हणता आलं असतं. पंचवीस वर्षांच्या ओळखीत एवढं तरी बसायला हवं होतं, असं माझं तेव्हा मत होतं. बायको म्हणत होती, मामांना एकदा भेटून या. मी ताट ढकलून उठलो.

मग दिलीप सापडला. त्याने सांगितलं की माल यवतच्या शेठला आधीच विकलेला होता, पैसे आधीच घेतले होते, शेठला सगळं माहीत होतं. त्याचा शब्द आणि माझा शब्द. साहेबांनी मला आत बोलावलं. टेबलावर ती चिठ्ठी होती.

"ही तुम्ही वाचलीय का?" साहेबांनी विचारलं.

मी नाही म्हणालो. त्या दिवशी मला त्यावर फक्त माझं नाव दिसलं होतं.

नावाखाली, मामांच्या वळणदार मोठ्या अक्षरांत, ओळीत ओळ कोंबून लिहिलेलं होतं. सौदा काट्यावर, माझ्यासमोर झाला. पैसे दिलेले नाहीत. माल उतरवलेला नाही. विकणारा पळाला. घेणार पळाला नाही. पोतं घेणाराने स्वतः माझ्यासमोर फोडलं. आणि सगळ्यात शेवटी, कागदाच्या कडेला अक्षर बारीक करत, 'नाणी पाहून घेणाराचा चेहरा पडला.' खाली सही. कांद्याच्या दोन्ही ड्रायव्हरांच्याही सह्या.

"चेहरा पडला, असं वजनाच्या चिठ्ठीवर मी पहिल्यांदा वाचलं," साहेब म्हणाले. "ड्रायव्हरही तेच सांगतात. तुम्ही निघून गेला असतात तर दिलीपचं म्हणणं मी मान्य केलं असतं." त्या दिवसापासून मी आरोपीच्या बाकावरून साक्षीदाराच्या खुर्चीत आलो. पंधरवड्याने यार्डचं सील निघालं.

यानंतर कुणीही मामांकडे धावत गेला असता. मी गेलो नाही. दीड वर्ष गेलो नाही. हायवेच्या एका काट्यावर जायला लागलो, तिथे दर खेपेला दहा-वीस किलो मार बसायचा. बसतोय हे कळायचं, मी सोसायचो. माझ्यासारख्या माणसाने किलो-किलो सोडून दिले, यावरून माझा राग किती असेल ते समजा. मला त्या चिठ्ठीचं कौतुक नव्हतं असं नाही. पण ज्याने मला वाचवलं त्यानेच आधी मला टांगलं होतं, आणि दोन्ही वेळा मला न विचारता.

मग कळलं की रस्ता रुंद होतोय, मामांचा काटा उठतोय, पुलापलीकडे कॅमेऱ्याचा नवा काटा बसणार आहे. तिथे खिडकीही नाही, माणूसही नाही. मी त्याच दुपारी मोटारसायकल काढली.

मामा निंबाखाली खाटेवर बसले होते. खूप वाळले होते. माझ्याकडे पायांपासून वरपर्यंत बघितलं. "चार किलो उतरलायस," ते म्हणाले.

"तुमच्यामुळं उतरलो."

"बस."

मी बसलो नाही. दीड वर्ष तोंडपाठ करून ठेवलं होतं ते उभ्यानेच बोललो. "मामा, मालाकडं पाठ करायला मला तुम्हीच शिकवलं. आन् तुम्हीच मला त्यापायी ठाण्यात बसवलं."

"भाव करताना पाठ करायची, म्हन्लं व्हतं," मामा म्हणाले. "घेताना मालाकडं तोंड फिरवायचं असतं. ते सांगायच्या आधीच तू सायकलवर टांग टाकलीस. म्हन्लं, पुढल्या खेपंला सांगू. पुढल्या खेपंला तुझं बरं चाललं व्हतं."

"आन् नाव कशाला लिहिलं? हात धरला मी तुमचा."

"मोकळी जागा ठिवली असती तर ती दुसऱ्या कुणी भरली असती. तुला पायजे तशी भरली नसती."

पण खरं दुखणं अजून बाकी होतं. "आन् ते जबाबातलं? मला संशय कसा न्हाई आला, ते तुम्हाला कळलं न्हाई म्हणून?"

"ते मला अजून बी कळलं न्हाई," मामा म्हणाले. "आता तू आलाच हायस तर सांग. आला व्हता का?"

मी रस्त्याकडे तोंड केलं. कांद्याची एक गाडी पुलावरून येत होती, ती अगदी जवळ येईपर्यंत मी तिच्याकडे बघत होतो. दिलीपचं ते 'बरं' मला ऐकू येत होतं. ते ऐकून झालेला आनंद, आणि त्या आनंदाच्या पोटात एक बारीक खडा टोचला होता, तोही आठवत होता. तो मी बाजूला सारला होता. भाव चांगला होता.

"लवकर उतरला व्हता भाव," मी पाठमोराच म्हणालो.

"व्हय," मामा म्हणाले. "आता बस."

मी बसलो. त्यांनी टपरीवाल्याला दोन बोटं दाखवली. चहा आल्यावर आम्ही कांद्याच्या बाजाराविषयी बोललो.

पुढच्या हिवाळ्यात मामा लेकीच्या गावी वारले. मला चार दिवसांनी कळलं. त्याच महिन्यात जुना काटा भंगारात निघाला आणि मालकाचा माणूस भाव विचारत माझ्याच यार्डात आला. मी प्लॅटफॉर्मकडे पाठ करून उभा राहिलो आणि दीड तास झुंजलो. सोडला नाही एक पैसा. सोडला असता तर मामांनी मला खुळ्यात काढलं असतं. भाव ठरल्यावर मात्र मी वळलो, खाली वाकलो आणि प्लेट न् प्लेट, पट्टी न् पट्टी हात लावून बघितली. प्लॅटफॉर्म तोडून विकला. निंबाखालचा छोटा काटा ठेवला, आणि केबिनच्या चौकटीतला खिळा उपटून आणला.

तो आता माझ्या ऑफिसच्या दाराला आहे. यार्डात गाडी आली की किल्ली खिळ्याला, माणूस खाली, आणि कुठलीही तीन पोती छोट्या काट्यावर. नवीन पोरटे ड्रायव्हर कुरकुर करतात. करू देत.

राग गेला का, असं बायको अधूनमधून विचारते. सगळा नाही गेला. त्या पाच दिवसांचा अजून येतो. आला की मी टेबलाचा खण उघडतो. साहेबांकडून त्या चिठ्ठीची झेरॉक्स मी मागून घेतली होती, ती तिथे आहे. 'घेणार' या शब्दापुढे माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, मुक्काम पोस्ट खुटबाव, सगळं बिनचूक. मी हात धरला होता म्हणून पहिलं अक्षर थोडं हललेलं आहे. पंचवीस वर्षं ज्यांनी मला सायकल म्हटलं, त्यांना माझ्या वडिलांचं नावसुद्धा माहीत होतं. मी कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी केव्हातरी कुणालातरी विचारून ठेवलं असणार.